हवेत विरून गेलेला गॅस

१९८५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा फ्रिज गार होईनासा झाला. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिक काकांनी तो भिंतीपासून ओढून पुढे घेतला, मागच्या काळ्या जाळीवरची धूळ फडक्याने झटकली आणि कॉम्प्रेसरपाशी गुडघे टेकून बसत बाबांना सांगितले, “कॅपिलरी चोक झाली आहे. आतला गॅस सोडून, व्हॅक्यूम मारून नवा भरावा लागेल.” मग त्यांनी तांब्याच्या बारीक नळीचे बंद टोक पकडीने तोडले. फुस्स असा लांबलेला आवाज झाला, नळीच्या तोंडाशी क्षणभर पांढरे हिव धरले आणि मशीनच्या तेलाचा पुसटसा वास आला. मी अकरा वर्षांची होते आणि अगदी जवळ जाऊन बसले होते, त्यामुळे त्या गॅसची गार झुळूक माझ्या बोटांना लागली. गॅस कुठे गेला, असे मी विचारले, तेव्हा काका म्हणाले, “हवेत गेला, विरून गेला. घाबरू नकोस बाळ, हा पेटत नाही आणि विषारीही नाही.”

त्यांच्या त्या उत्तराकडे मी पुढे आयुष्यभर वळून वळून पाहत आले आहे. पेटत नाही आणि विषारी नाही, हा त्यातला भाग अगदी खरा होता. पूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड भरत असत, आणि नळीला चीर पडली की घरातली माणसे गुदमरत, प्रसंगी दगावतही. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन संशोधक थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांचे संयुग, म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन किंवा थोडक्यात सीएफसी, पुढे आणले, आणि १९३० साली मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या भर सभेत तो वायू छातीत ओढून घेऊन सावकाश एका जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली आणि मिजलीला काहीही झाले नाही. एकाच श्वासात दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. घराघरात निर्धास्तपणे ठेवता येईल असा फ्रिज त्यानंतर शक्य झाला, आणि त्यामुळे वाचलेल्या जिवांचे मोल कमी लेखावे असे मला वाटत नाही.

काकांच्या उत्तरातला ‘विरून गेला’ हा भाग मात्र खरा नव्हता, आणि त्याचे कारण त्याच गुणात दडलेले होते. जो वायू मेणबत्तीच्या ज्योतीशी किंवा माणसाच्या फुफ्फुसाशी काही संबंध ठेवत नाही, तो पावसाशी, मातीशी, झाडांशी आणि समुद्राशीही ठेवत नाही. पावसात तो धुऊन निघत नाही, कारण पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही, आणि जमिनीलगतच्या हवेत इतर प्रदूषके ज्या रासायनिक क्रियांनी नाहीशी होतात त्या क्रियांना तो दाद देत नाही. वाऱ्यांबरोबर तो पृथ्वीभर फिरत राहतो आणि फार सावकाश वर चढत वीस-पंचवीस किलोमीटरच्याही पलीकडे पोहोचतो, तेव्हा कुठे तिथले प्रखर अतिनील किरण त्याचा रेणू फोडतात. आमच्या फ्रिजमध्ये जो आर-१२, म्हणजे सीएफसी-१२, होता, त्याचे हवेतले सरासरी आयुष्य सुमारे शंभर वर्षांचे आहे. त्या दुपारी सुटलेल्या गॅसपैकी जवळपास दोन तृतीयांश गॅस आज, चाळीस वर्षांनंतरही, हवेत जसाच्या तसा आहे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः तयार केलेले एक अतिशय संवेदनशील उपकरण बरोबर घेऊन १९७१-७२ साली जहाजाने अंटार्क्टिकापर्यंत प्रवास केला आणि वाटेत जागोजागी हवा तपासली. कारखान्यांपासून हजारो मैल दूर, भर समुद्रावरही त्यांना याच कुळातला सीएफसी-११ सापडला. हे प्रमाण धोकादायक नाही असेच त्यांनी तेव्हा लिहिले होते. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली पुढचा प्रश्न विचारला, तो असा की हा वायू खाली कुठेच नष्ट होत नसेल तर अखेर त्याचे होते काय? वर जाऊन फुटल्यावर त्यातला क्लोरीन तिथला ओझोन, म्हणजे सूर्याचे अतिनील किरण अडवणारा वायू, खातो, हे त्यांचे उत्तर होते. ते खरे ठरल्याचा पुरावा १९८५च्या मे महिन्यात, म्हणजे आमचा फ्रिज बिघडला त्याच उन्हाळ्यात, ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकाच्या हॅली तळावरील ओझोन घटल्याच्या नोंदींसह जगापुढे ठेवला. ही कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती इथे लांबवत नाही.

याच कथेने एक मोठा गैरसमज जन्माला घातला, आणि तो पसरवणाऱ्यांत मीही होते. मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले. ‘ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे जास्त ऊन आत येते आणि त्यामुळे पृथ्वी तापते’ असे वाक्य मी कितीतरी उत्तरपत्रिकांत वाचले आणि बरीच वर्षे त्याला पूर्ण गुण दिले, कारण मलाही तसेच वाटत होते. छप्पर फाटले की ऊन आत येणारच, असे ते सोपे चित्र होते. प्रत्यक्षात छिद्रातून जे जादा अतिनील किरण खाली येतात त्यांची ऊर्जा सूर्यप्रकाशाच्या एकूण ऊर्जेच्या मानाने अगदी किरकोळ असते. त्यांनी त्वचेला, डोळ्यांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना इजा होते, पण त्यांनी पृथ्वीचे तापमान वाढत नाही. उलट ओझोन हा स्वतः एक हरितगृह वायू असल्यामुळे, वरच्या थरातला ओझोन घटला की जमिनीवर त्याचा परिणाम किंचित थंडाव्याकडेच झुकतो.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. ओझोनचा प्रश्न वेगळा, हवामानबदलाचा वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका, असे मी वर्गात ठासून सांगू लागले. तेही अपुरेच होते. ओझोनचे छिद्र आणि तापमानवाढ या दोन घटनांमध्ये मुलांनी जोडलेला दुवा चुकीचा होता, पण त्या दोन्हींना जोडणारा एक खरा दुवा होता आणि तो माझ्या बोटांना लहानपणीच लागून गेला होता. ज्या वायूने छिद्र पाडले तोच वायू स्वतः उष्णता अडवून धरतो, मग ओझोनचे काहीही होवो.

हे सर्वांत आधी दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे वीरभद्रन रामनाथन. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ सिकंदराबादच्या एका शीतकपाटांच्या कारखान्यात नोकरी केली होती, आणि यंत्रातला गॅस इतक्या लवकर गळून का जातो याचा शोध घेणे हे तिथे त्यांचे काम होते. नंतर अमेरिकेत त्यांनी ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास केला, आणि १९७५ साली, रोलंड-मोलिना यांच्या लेखानंतर वर्षभरातच, सीएफसीच्या हरितगृह परिणामावरचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. कारखान्यात ज्या गळतीचे कारण ते नळ्यांच्या सांध्यांत शोधत होते, त्या गळतीचा शेवट कुठे होतो हे काही वर्षांनी त्यांनीच सांगावे, याचे मला अजून नवल वाटते. या वायूंचे हवेतले प्रमाण दर अब्ज रेणूंमागे दोनच्या आसपास पोहोचले, तर पृथ्वीचे सरासरी तापमान लक्षात येण्याइतके वाढेल, असा त्यांचा इशारा होता.

अब्जात दोन या प्रमाणाने तापमान वाढते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. कार्बन डायऑक्साइडचे हवेतले प्रमाण दर दहा लाख रेणूंमागे सव्वाचारशेच्या आसपास आहे, त्यापुढे हे अगदीच चिमूटभर वाटते. पण उष्णता अडवण्याच्या बाबतीत वायू किती आहे याइतकेच तो कुठल्या लहरी अडवतो हेही महत्त्वाचे असते. तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडते, आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड त्यांतल्या बऱ्याच लहरी आधीच अडवून बसलेले असतात. साधारण ८ ते १२ मायक्रॉन लांबीच्या लहरींसाठी मात्र हवा बरीचशी मोकळी असते. या पट्ट्यातून उष्णता थेट अवकाशात निसटते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. कार्बन आणि फ्लोरीन, तसेच कार्बन आणि क्लोरीन यांच्यातले बंध ज्या लहरींनी थरथरू लागतात, त्या नेमक्या याच खिडकीत पडतात. ज्या दारावर आधीच दहा पडदे आहेत त्यावर अकरावा टाकला तर खोलीत फारसा फरक पडत नाही, पण उघड्या खिडकीवर टाकलेला पहिला पडदा, मग तो कितीही विरळ असो, लगेच जाणवतो. कार्बन डायऑक्साइडच्या वाढीचा परिणाम पुढेपुढे हळूहळू मंदावत जातो, सीएफसीच्या बाबतीत मात्र जितके रेणू वाढतील तितका परिणाम सरळ वाढत जातो.

शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो सीएफसी-१२ हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार किलोंइतकी उष्णता अडवतो. घरगुती फ्रिजमध्ये साधारण दीडशे ग्रॅम गॅस असे, असे धरले तर त्या दुपारची एक फुस्स म्हणजे दीड टन कार्बन डायऑक्साइड झाला. आणि असे फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, केसांचे आणि डासांचे फवारे, गाद्यांचा फोम, अग्निशामक नळकांडी, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग धुण्याची द्रावणे हे सगळे पन्नास वर्षे जगभर चालू होते. अग्निशमनातला हॅलॉन, कार्बन टेट्राक्लोराइड, मिथिल क्लोरोफॉर्म ही सारी याच कुळातली मंडळी. रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असे मांडले की येत्या काही दशकांत कार्बन डायऑक्साइडखेरीजचे हे अल्प प्रमाणातले वायू एकत्रितपणे त्याच्याइतकीच तापमानवाढ घडवू शकतील. त्या वर्षी साऱ्या जगाचे लक्ष अंटार्क्टिकावरच्या छिद्राकडे होते, आणि ते योग्यच होते, पण उष्णतेचा हा हिशेब त्यामुळे कितीतरी वर्षे मागच्या पानावर राहिला.

तो हिशेब अलीकडे कोलंबिया विद्यापीठातील लोरेन्झो पोल्वानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली पुन्हा पुढे आणला. त्यांनी हवामानाच्या संगणकीय प्रारूपात १९५५ ते २००५ हा काळ पुनःपुन्हा चालवून पाहिला. एकदा सगळे घटक प्रत्यक्षात वाढले तसे वाढू दिले आणि एकदा ओझोननाशक वायू १९५५च्या पातळीवरच गोठवून ठेवले. दोन्हींतला फरक असा निघाला की त्या पन्नास वर्षांतल्या जागतिक तापमानवाढीचा सुमारे एक तृतीयांश आणि आर्क्टिकच्या तापमानवाढीचा सुमारे अर्धा वाटा या वायूंचा होता. उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचे सप्टेंबरमधले बर्फ जितके घटले त्याचाही निम्मा भाग यांच्याच खाती जमा झाला. ही वाढ ओझोन घटल्यामुळे झालेली नसून या वायूंनी थेट उष्णता अडवल्यामुळे झालेली आहे, हेही त्यांनी वेगळे तपासून दाखवले.

इथे थोडे थांबायला हवे. हे आकडे प्रारूपांतून आलेले आहेत, आणि ओझोनच्या घटीमुळे येणारा थंडावा किती मोठा धरायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ‘तृतीयांश’ आणि ‘अर्धा’ हे शब्द मी वर्गात दगडावरच्या रेघेसारखे सांगणार नाही. पण दिशेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. आज हवेत असलेल्या सगळ्या हॅलोजनयुक्त वायूंचा उष्णता अडवण्यातला वाटा मिथेनच्या खालोखाल आहे आणि नायट्रस ऑक्साइडच्या जवळपास दुप्पट आहे, असे हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालात नोंदलेले आहे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो ध्रुवाचा भाग. हा वायू ध्रुवावर जाऊन साठत नाही. तो सगळीकडे जवळपास सारखाच पसरलेला असतो, तरी त्याची झळ तिथेच अधिक का बसावी? एक कारण सर्वांना माहीत असते. ताजा हिम पडलेले समुद्री बर्फ सूर्यप्रकाशाचा चार पंचमांशाहून अधिक भाग परत पाठवते, तेच बर्फ वितळून खालचे काळेशार पाणी उघडे पडले की ते जवळजवळ सगळा प्रकाश पोटात घेते. दुसरे कारण कमी सांगितले जाते. उष्ण कटिबंधात तापलेली हवा भराभर वर चढते आणि आपली उष्णता उंचावर नेऊन अवकाशात टाकते. ध्रुवावर मात्र जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड असल्यामुळे ती वर चढतच नाही, आणि वाढलेली उष्णता तळाच्या त्या पातळ थरातच कोंडून राहते. तिसरे कारण मला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सुंदर वाटते, आणि परिणामांच्या दृष्टीने सर्वांत क्रूर. वस्तू जितकी थंड, तितकी एक अंश तापल्यावर तिच्यातून बाहेर पडणारी उष्णतेची जादा भर कमी असते. म्हणून अडलेली तेवढीच उष्णता बाहेर टाकायला थंड पृष्ठभागाला गरम पृष्ठभागापेक्षा अधिक अंशांनी तापावे लागते. ज्या प्रदेशाने हा वायू कधी बनवला नाही आणि जवळजवळ वापरलाही नाही, तो केवळ थंड असल्यामुळे अधिक तापतो.

दक्षिण ध्रुवाची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे ओझोनचे छिद्र स्वतःही हवामान हलवते. वसंतात छिद्र पडले की तिथल्या वरच्या थरातली हवा फार थंड होते, आणि त्यामुळे अंटार्क्टिकाभोवती फिरणारे पश्चिमी वारे उन्हाळ्यात अधिक जोर धरून ध्रुवाकडे सरकतात. खंडाचा मोठा पूर्व भाग त्यामुळे बाहेरच्या उबेपासून काहीसा तुटतो, तर उत्तरेकडे बाहेर आलेल्या द्वीपकल्पावरून हेच वारे डोंगर ओलांडून उबदार होऊन पलीकडे उतरतात. त्याच बाजूचा लार्सन-बी हा समुद्रावर तरंगणारा हिमफलक २००२च्या सुरुवातीला अवघ्या काही आठवड्यांत फुटला आणि सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचे तुकडे होऊन समुद्रात विखुरले. त्यात या बदललेल्या वाऱ्यांचाही हात होता, असे अनेक अभ्यासक मानतात. ध्रुवांवरच्या जुन्या, अजून पूर्ण घट्ट न झालेल्या हिमात अडकलेली हवाही संशोधकांनी उपसून तपासली आहे. खालच्या, सर्वांत जुन्या हवेत सीएफसी जवळजवळ नाहीतच, आणि वरवर येताना ते एकदम चढत जातात. माणसाच्या एका शतकाची वही तिथे थरांथरांत जपून ठेवलेली आहे.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला तो ओझोनसाठी. पण नंतर हिशेब मांडल्यावर असे दिसले की २०१०पर्यंत या कराराने टाळलेली तापमानवाढीची भर ही हरितगृह वायूंसाठीच्या क्योटो करारात ठरलेल्या पहिल्या टप्प्याच्या घटीच्या पाचसहा पट होती. मार्क इंग्लंड आणि पोल्वानी यांच्या २०२३च्या अभ्यासानुसार, हा करार नसता तर २०५०पर्यंत पृथ्वी आणखी अर्धा अंश आणि आर्क्टिक जवळपास एक अंश अधिक तापले असते, आणि उन्हाळ्यात जवळजवळ बर्फहीन झालेला उत्तर समुद्र पंधरा वर्षांपर्यंत आधी दिसला असता. सीएफसींच्या जागी आलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन ओझोनला इजा करत नाहीत पण उष्णता भरपूर अडवतात, म्हणून २०१६ साली किगाली येथे त्यांच्यावरही मर्यादा घालणारी दुरुस्ती करावी लागली. ही पावले उशिरा पडली असली तरी खरोखर पडली, याचा मला मनापासून आनंद आहे. काम मात्र पूर्ण झालेले नाही, कारण जुन्या इमारतींच्या भिंतींतल्या फोममध्ये आणि भंगारात पडलेल्या यंत्रांत आजही बराच सीएफसी आहे, आणि ती यंत्रे फोडणारा माणूस तो गोळा करतो की हवेत सोडतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे.

इंग्लंड आणि पोल्वानी यांच्या त्याच अभ्यासात एक आकडा आहे. एक हजार टन ओझोननाशक वायू हवेत जाण्यापासून अडवला, तर आर्क्टिकचे सुमारे सात चौरस किलोमीटर बर्फ वाचते. मी कागद-पेन्सिल घेऊन तो हिशेब आमच्या फ्रिजपर्यंत उतरवला. दीडशे ग्रॅमला एक चौरस मीटर. तो फ्रिज जमिनीवर आडवा ठेवला असता तर जेवढी जागा अडली असती, त्याहून थोडा मोठा बर्फाचा चौकोन.

मग आणखी एक हिशेब केला. त्या दुपारी सुटलेल्या रेणूंपैकी जे अजून फुटलेले नाहीत, ते साऱ्या पृथ्वीच्या हवेत सारखे मिसळले आहेत असे धरले, तर जगातल्या कुठल्याही एका लिटर हवेत त्यांतले किती सापडतील? उत्तर शंभराहून थोडे अधिक आले. मी ते दोनदा तपासले, कारण शून्याच्या जवळचे काहीतरी येईल अशी माझी अपेक्षा होती. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर आत्ता जी हवा आहे, तिच्याही प्रत्येक लिटरात आमच्या स्वयंपाकघरातले शंभर रेणू आहेत आणि खालून वर येणारी ऊब ते अडवत आहेत. काका हयात असते तर हा कागद मी त्यांना नेऊन दाखवला असता.